केरबाभाऊजींच्या छातीतील फर्रासखान्याची हकिकत

॥ श्री ॥ ज्याने वारा निर्मिला आणि तो आत घेण्यास मनुष्यास नाक दिले तो देव प्रसन्न असो, आणि ज्याने नाक असता तोंडाने धूर ओढिला त्यास सुबुद्धी असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, माघ मास, मिरची कांडपाचा भर हंगाम, ते समयी आमचे धाकटे दीर राजेश्री केरबाभाऊजी यांनी जे वर्तन केले त्याची तक्रार आधी लिहितो आणि मग राज्याची हकिकत लिहितो, कारण तक्रार पोटात ठेवून आम्हांस हकिकत सुचत नाही. संवत्सराचे नांव क्रोधी, आणि आम्ही त्या संवत्सरास शोभलो, ऐसे घरचे म्हणतात, म्हणोत.

तक्रार ऐसी जे, आमच्या कांडपाच्या खोलीत मुसळे आदळू लागली की लाल धुरळा उठतो आणि आल्यागेल्याने नाकातोंडास फडके बांधावे हा तीस वर्षांचा आमचा हुकूम, आणि केरबाभाऊजी ते फडके गळ्यात बांधितात, नवरदेवाच्या ऐटीने, आणि विडी कानावर ठेवितात. आम्ही त्यांस विडीची बंदी केली, त्यांनी आठ दिवस पाळिली, आणि नवव्या दिवशी खोलीच्या दारात उभे राहून पेटविली, आणि मिरच्यांच्या पिशव्या घेऊन रांगेत बसलेल्या सगळ्या बायांसमोर भाषण केले, "हे बघा अक्काताई, विडी सोडली तर खोकून खोकून बरगड्या दुखल्या. आज दोन झुरके मारले, खोकला गप. आता औषध कुठलं ते तुम्हीच सांगा." अक्काताई पाच किलो संकेश्वरी घेऊन आल्या होत्या, त्यांनी मान डोलाविली आणि म्हणाल्या, "आमच्या मामंजींचं पण असंच हुतं. विडी पेटली की खोकला थांबायचा." आम्ही विचारिले, "मग आता कसे आहेत मामंजी?" अक्काताई बोलल्या, "ते वारले की." तरी केरबाभाऊजी हसले, आणि रांगही हसली, आणि आमच्या हुकमाची अब्रू आमच्याच दारात गेली. इतकी तक्रार.

आता हे केरबाभाऊजी कोण ते सांगतो. आम्ही या घरात सून होऊन आलो तेव्हां ते पाच वर्षांचे, आमच्या पदरास हात पुसणारे. त्यांच्या आधी सासूबाईंची दोन लेकरे गेली, म्हणून हे जन्मले तेव्हां सासूबाईंनी त्यांस सुपात घालून क्षणभर उकिरड्याच्या कडेस ठेविले, आणि शेजारणीने केर म्हणून उचलून परत दिले, आणि नांव ठेविले केरबा, की काळ आला तर त्याने म्हणावे हा तर केर आहे, आणि पुढे जावे. काळ पुढे गेला आणि केरबाभाऊजी एकसष्ट वर्षांचे जाहले. आणि आमच्या घराकडे ग्रामदेवाच्या जत्रेत शिंग फुंकण्याचा मान, तो सासऱ्यांनंतर त्यांच्याकडे आला. पालखी उठते समयी शिंगाच्या तीन ललकाऱ्या द्याव्या, पहिली देवाची, दुसरी गावाची, तिसरी ज्याने शिंग धरिले त्याच्या घराची, ऐसा रिवाज. मागील साली पहिली चांगली जाहली, दुसरी रेटून नेली, आणि तिसरी अर्ध्यावर खोकल्यात बुडाली, म्हणजे घराची ललकारीच राहिली. तेव्हां गावकऱ्यांनी ठराव केला की यंदा चैत्री पुनवेस तिसरी तुटली तर शिंग वेशीकडच्या सुबरावांस द्यावे. सुबराव तेव्हांपासून रोज सकाळी ओढ्याकाठी रेड्यासारखे ओरडून श्वास कमावीत होते. आम्ही हे पाहून विडीबंदीचा हुकूम काढिला होता, आणि त्या हुकमाचे काय जाहले ते वर लिहिलेच.

मग आम्ही केरबाभाऊजींस धरून तालुक्याच्या डाक्तरांकडे नेले, आणि डाक्तरांनी छातीचा फोटो काढिला, आणि नळीत फुंकावयास लाविले, आणि म्हणाले की मोठे दुखणे आत नाही, पण नळ्या धुराने माखल्या आहेत, विडी सोडल्याविना मार्ग नाही. केरबाभाऊजी बोलले, "सोडली की खोकला येतो, डाक्टर." डाक्तरांनी सांगितले की येणारच, पण का येणार ते सांगण्यास त्यांस वेळ नव्हता, बाहेर चाळीस माणसे बसली होती. ते काम आमची नात चिरंजीव संयोगिता हिने केले, जी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षास आहे आणि जिच्या पुस्तकात माणूस उभा चिरून दाखविला आहे. आम्ही इयत्ता दुसरीपर्यंत शिकलेले, पण चित्र पाहून राज्य कळते, आणि जे कळले ते ऐसे.

केरबाभाऊजींच्या नाकापासून छातीच्या तळापर्यंत एक राज्य आहे, त्यास नांव नाही, त्यात वाऱ्याची ये-जा रात्रंदिवस चालते. महादरवाजा म्हणजे नाक, तेथे केसांचे भालदार उभे, जाडी धूळ अडवितात, आणि आत तीन वळणे आहेत, तेथे आलेल्या वाऱ्यास ऊन करितात, ओल देतात, मग पुढे सोडितात, जसे पाहुण्यास ओसरीवर पाय धुण्यास पाणी द्यावे. तोंडाने श्वास घेणारा हा सारा मान बुडवून परसदाराने शिरतो. पुढे घशात दोन रस्ते फुटतात, एक अन्नाचा आणि एक वाऱ्याचा, आणि वाऱ्याच्या रस्त्यावर एक झाकण आहे, घास गिळते समयी ते मिटते. जेविताना जो बोलतो त्याचे झाकण गोंधळते आणि ठसका लागतो, आणि केरबाभाऊजींचे झाकण आमच्या घरात सर्वांत जास्त गोंधळलेले. झाकणाखाली आवाजाचे दोन पडदे, आणि त्याखाली राजमार्ग, म्हणजे श्वासनळी, मनगटापासून मधल्या बोटाच्या मुळापर्यंत भरेल इतकीच लांब. त्या मार्गाची भिंत खचू नये म्हणून सोळा ते वीस कड्या घातल्या आहेत, त्या हाडाच्या नव्हेत, कानाचा वरचा काठ असतो तैशा, वाकतात पण मोडत नाहीत. आणि कडी पूर्ण गोल नाही, तान्ह्या लेकराच्या पायातील वाळ्यासारखी मागे तोंड उघडे, कारण मागे अन्नाची नळी टेकली आहे, आणि मोठा घास उतरू लागला की या मऊ पाठीने थोडे सरकून त्यास जागा द्यावी. आम्ही संयोगितेस म्हणालो, "म्हणजे शेजारी कसं राहावं ते नळीला कळतं." ती म्हणाली, "आज्जी, लिहून घे हे." म्हणून लिहिले.

पुढे राजमार्ग दुभंगतो, उजवी शाखा रुंद आणि सरळ उतरणारी, डावी तिरपी, म्हणून लेकराने शेंगदाणा चुकून गिळला तर तो बहुधा उजवीकडे जातो. मग शाखेस शाखा फुटतात, कड्या तुटक होत जातात आणि लहान गल्ल्यांत संपतात, तेथे मांसाचे दोर तेवढे राहतात, ते आवळले की दम लागतो. आणि शेवटी कोठड्या, तीस कोटींहून जास्त, बुडबुड्यांसारख्या, भिंत इतकी पातळ की अलीकडे वारा आणि पलीकडे रक्त, आणि दोघे भिंतीतून देवाणघेवाण करितात, चांगला वारा रक्तात जातो, वापरलेला परत येतो. भिंती एकमेकींस चिकटू नयेत म्हणून आत साबणासारखे पाणी शिंपडणारे कामगारही तेथेच ठेविले आहेत. या सगळ्या कोठड्या उलगडून पसरिल्या तर देवळापुढचे पटांगण भरेल, आणि हे पटांगण एकट्या केरबाभाऊजींनी छातीत घेऊन विडीस भाड्याने दिले होते.

पण आम्हांस ज्या खात्याचे फार कौतुक वाटले ते फर्रासखान्याचे, म्हणजे झाडलोटीचे. राजमार्गाच्या आतल्या भिंतीस उंच उंच शिपाई दाटीने उभे आहेत. पाहणारास वाटते तीन-चार रांगा आहेत, पण रांग एकच, सगळ्यांचे पाय एकाच जोत्यावर, कोणी उंच, कोणी बुटका, म्हणून डोकी वरखाली दिसतात, लग्नातल्या फोटोत दिसतात तैशी. यांच्यात काही पेलेवाले आहेत, पेल्याच्या आकाराचे, ते चिकट रस ओततात, आणि भिंतीखालच्या ग्रंथीही त्यांस रस पुरवितात, तो रस साऱ्या मार्गावर पातळ पसरतो, आणि नाकातून सुटलेली धूळ, मिरचीची पूड, जे येईल ते त्यास चिकटते. आणि बाकीचे कुंचेवाले, एकेकापाशी दोनशे कुंचे, केसाहून बारीक, आणि ते सारे एका दिशेने हलतात, ज्वारीच्या उभ्या पिकावरून वारा जावा तैसे. कुंचा ताठ होऊन वरच्या अंगास फटकारा देतो आणि मग वाकून परत येतो, म्हणजे केर वर जातो, खाली परतत नाही, आणि डोळ्याचे पाते लवावे तितक्यात असे तीन-चार फटकारे. येणेप्रमाणे चिकट रसाचा गालिचा वर वर सरकत घशास येतो, आणि माणूस तो नकळत गिळतो किंवा खाकरून टाकितो. आणि बुटके ते उमेदवार, उंचाचा कोणी पडला की त्याच्या जागी वाढून उभे राहतात. संयोगिता म्हणाली, "आज्जी, हे जन्मभर चालतं, झोपेतसुद्धा." आम्ही म्हणालो, "मग या घरात माझ्याशिवाय आणखी कोणी काम करतं तर."

ऐशा राज्यात, केरबाभाऊजी एकोणीस वर्षांचे असता, विडोजीराव धुरकर हे सरदार पाहुणे म्हणून आले. त्यांनी लढाई केली नाही, फर्रासखान्यावर नुसता धूर सोडिला, आणि कुंचे जागच्या जागी सुन्न जाहले. पेलेवाले घाबरले आणि जास्त रस ओतू लागले, आणि झाडणारे कोणी नाही, म्हणून रस साचला, घट्ट जाहला, त्यात बेचाळीस वर्षांचा धुरळा बसला, विडीचा आणि आमच्या मिरचीचाही, कारण फडके गळ्यात होते. पुष्कळ ठिकाणी कुंचेवाले मेले आणि त्यांच्या जागी फरशीसारखे चपटे लोक बसले, ज्यांस कुंचाच नाही. मग राज्यापाशी एकच उपाय उरला, तो तोफेचा, म्हणजे खोकल्याचा. आवाजाचे पडदे गच्च मिटावे, छातीने आत दाब भरावा, आणि पडदे एकदम उघडून दारूगोळा उडवावा. तोफ खिंडार पाडिते, रोजचा केर काढीत नाही.

आणि आता केरबाभाऊजींची चूक पाहा, कारण ही चूक मिरचीवाल्याच्या घरी तरी व्हावयास नको होती. आठ दिवस धूर थांबला, आणि सुन्न पडलेले कुंचे हलू लागले, पुष्कळ मेले होते पण सगळे नव्हते, आणि त्यांनी साचलेला केर उचलून वर आणण्यास आरंभ केला, आणि वर केर आला म्हणून खोकला वाढला. बेचाळीस वर्षे न झाडलेल्या घरात पहिला झाडू मारला की धुरळा उडणारच, तैसे. केरबाभाऊजींस वाटले की विडी सोडणे बाधले. नवव्या दिवशी विडी पेटली, कुंचे पुन्हा सुन्न जाहले, केर खालीच राहिला, खोकला थांबला, आणि यांस वाटले की औषध लागू पडले. म्हणजे झाडणारणीस घराबाहेर काढिले आणि घर स्वच्छ जाहले ऐसे समजले.

हे सारे आम्ही त्यांस कांडपाच्या खोलीत, अक्काताईंसमोरच सांगितले, कारण अब्रू जेथे गेली तेथूनच परत आणावी. केरबाभाऊजींनी ऐकिले आणि म्हणाले, "वहिनी, पुस्तकातलं पुस्तकात. मला माझ्या छातीचं कळतं." मग आम्ही कोपऱ्यातील दोन वर्षांची भिजकी संकेश्वरी, जी फेकण्यास ठेविली होती, त्यातल्या चार त्यांच्या हातात दिल्या आणि विचारिले, "ह्या कुटल्या तर ठसका येईल?"

"कुठला ठसका. मेलीय ही मिरची."

"मग बरी झाली म्हणायची का?"

"म्हणजे?"

"ठसका गेला ना तिचा. तुमचाही गेला. तिला मेली म्हणता आणि स्वतःला बरा म्हणता, हे कसं काय, भाऊजी?"

केरबाभाऊजी चाळीस वर्षे ठसक्यावरून माल ओळखीत आले, नाकाजवळ मूठ नेऊन सांगावे ही कुठली आणि किती दिवसांची, पंचक्रोशीत त्यांचा शब्द प्रमाण. त्यांनी त्यातली एक मिरची मोडून पाहिली, आणि अक्काताई बोलल्या, "आमच्या मामंजींना हे कुणी सांगितलंच नाही हो." मग केरबाभाऊजींनी कानावरची विडी काढिली आणि त्या मेल्या मिरच्यांत ठेविली, आणि फडके गळ्यातून नाकावर चढविले, आणि फडक्याआडून काही बोलले ते आम्हांस ऐकू आले नाही, आणि आम्ही पुन्हा बोला म्हटले नाही. ती माघ वद्य पंचमी.

पुढे जे रणकंदन जाहले ते थोडक्यात लिहितो. पहिले पंधरा दिवस ऐसा खोकला की मुसळांचा आवाज लाजावा. काळपट बेडके पडले, आणि केरबाभाऊजी प्रत्येक बेडका पडला की आम्हांस हाक मारून सांगत, "वहिनी, फर्रासखाना चालू आहे," आणि आम्ही सांगितले की वर्दी देण्याची गरज नाही, तोंड धुवा. गरम पाणी पाजिले, वाफ दिली, आणि ते चिडले, आणि दोन वेळा सून म्हणून आमच्यावर अन्याय झाला ऐसे आम्हांसही वाटले, कारण ते वरणात मीठ नाही म्हणून ताट सोडून उठले, आणि वरणात मीठ होते. सुबराव मुद्दाम कांडपावर आले, मिरची नाही काही नाही, आणि खोकला ऐकून म्हणाले, "केरबाअण्णा, शिंग आताच देऊन टाका, उगाच जत्रेत हाल." केरबाभाऊजी बोलले, "सुबराव, माझ्या घरात साफसफाई चाललीय, पाहुण्यांनी नंतर यावं." महिन्याने खोकला निम्म्यावर आला. मग एक दिवस कांडपाच्या दारात उभे राहून ते म्हणाले की बाहेर कोणाच्या तरी पिशवीत ब्याडगी आणि लवंगी मिसळली आहे, लवंगी कमी, आणि पाहिले तर तैसेच होते. धुराने मंदावलेले त्यांचे नाक परत आले. त्यांनी ती पिशवी आणखी दोनदा हुंगली.

मग पाडवा जाहला, क्रोधी संवत्सर गेले आणि विश्वावसु आले, आणि चैत्री पुनवेस जत्रा भरली. पालखी उठली आणि केरबाभाऊजींनी शिंग उचलिले, वाकडे, लांब, सासऱ्यांच्या हाताने झिजलेले. पहिली ललकारी देवाची, ती डोंगरास लागून परत आली. दुसरी गावाची, तीही पुरी जाहली. आणि तिसरीच्या आधी त्यांनी श्वास घेतला, आणि छाती हलली, आणि आम्ही ओळखिले की आतून काही वर येते आहे. केरबाभाऊजींनी शिंग खाली घेतले, बाजूस वळून एक तोफ डागिली, जे होते ते रुमालात टाकिले. सुबराव पुढे आले आणि म्हणाले, "खोकला आला. तिसरी बाद." लोक कुजबुजले. आम्ही पुढे होणार होतो, तों देवाचे म्हातारे गुरव, जे सहसा बोलत नाहीत, ते बोलले, "शिंग तोंडाला लावायच्या आधीचा खोकला माणसाचा. लावल्यावरचा शिंगाचा. लावा, केरबाअण्णा."

आणि केरबाभाऊजींनी लाविले. नाकाने वारा घेतला, महादरवाज्याने, रीतीने, तीन वळणांवरून, आणि झाकण उघडे, पडदे उघडे, राजमार्ग झाडलेला, आणि खालच्या कोठड्यांपर्यंत जितक्या अजून शाबूत त्या साऱ्या भरल्या, आणि मग सोडिला. ती ललकारी किती लांब गेली ते आम्ही मोजिले नाही, कारण आमचे डोळे ऐन वेळी मिरचीने चुरचुरले, कांडप दोन दिवस बंद होते तरी. सुबरावांनी पागोटे काढून डोके खाजविले आणि म्हणाले, "पुढल्या साली मलाही फडकं बांधायला शिकवा." घराची ललकारी पुरी जाहली, मान घरी राहिला.

एवंच, राज्य बेचाळीस वर्षे धुराखाली होते, पंचावन्न दिवसांत सारे सुटले ऐसे नाही, चपट्या फरशीवर नवे कुंचेवाले उभे राहण्यास अजून काळ लागेल आणि काही कोठड्या गेल्या त्या गेल्या, परंतु फर्रासखाना पुन्हा कामास लागला, ही हकिकत. लिहिणारे आम्ही, ऐकणारे घरचे.

परंतु पालखी पुढे गेल्यावर देवळाच्या पायरीवर कोणी आनंदाने केरबाभाऊजींच्या हातात विडी दिली, आणि त्यांनी ती दोन बोटांत धरिली, पेटविली नव्हती, आणि आमच्याकडे पाहून म्हणाले, "वहिनी, मान राखला की नाही? मग एकच. आजच्या दिवसापुरती." तेव्हां आम्ही पायरी उतरून त्यांच्यासमोर उभे राहिलो आणि सगळ्यांदेखत निवाडा सांगितला तो ऐसा:

"भाऊजी, सासूबाईंनी तुम्हांला केराजवळ ठेवलं ते काळानं तुम्हांला केर समजून सोडून द्यावं म्हणून. काळ फसला. तुम्ही कशाला फसता? ती विडी टाका केरात. केरात बसायचा तुमचा नंबर एकसष्ट वर्षांमागं लागून गेला."